वसईची वाडी व तिचे बावखल

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखालून वाहणारी उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेस आली म्हणजे तिचा एक फाटा पश्चिमेस वळून वसईच्या खाडीने समुद्रास मिळतो. या खाडीच्या उत्तरेस नंदाखाल, वाघोली, निर्मळ, गास आदी गावांतून सामवेदी ख्रिस्ती बागाइतदारांच्या वाड्या आहेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात आमिश पंथाचे लोक आपला धर्म, पोशाख व घोड्यांवरील शेती निष्ठेने जपून आहेत, असे वाचकांच्या ऐकण्यात असेल. धर्म, बोली व शेती या तिन्हींनी बांधलेला तसाच एक समाज आपल्या इतक्या जवळ असता त्याची माहिती आपणांस असू नये, हे बरे नव्हे.

गुजरातच्या बहादुरशहाने 1534 साली वसई पोर्तुगीजांस दिली व त्यांच्या अमलात येथील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. 1739 साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. 1802 च्या अखेरीस याच वसईत बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, आणि 1818 साली पेशवाई बुडाली. इतकी राज्ये आली नि गेली, तरी या शेतकऱ्यांची कादोडी बोली, स्त्रियांचे लाल लुगडे व हातातले कुदळ-फावडे सुटले नाही. पुढे आगगाडी आली, तेव्हा वाडीतील केळी, विड्याची पाने, भाजी व फुले मुंबईच्या बाजारी जाऊ लागली. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी तर वसईची खूणच होय.

या वाडीचे मर्म तिच्या पाण्यात आहे. समुद्र जवळ असल्याने जमिनीच्या पोटात खारे पाणी असते, व पावसाचे गोडे पाणी हलके असल्यामुळे त्यावर तरंगून राहते. पूर्वजांनी वाडीत बावखल म्हणून तळे खणले आणि निघालेली माती पसरून वाडी उंच केली. पावसाळ्यात भरलेले बावखल हळूहळू जमिनीत मुरते व विहिरीस गोडे पाणी पुरविते. रहाटाने पाणी काढीत, त्या काळी बैल थकला की विहिरीसही विसावा मिळे. यंत्राला थकवा नाही. म्हणून विहिरीलाही विसावा उरला नाही.

पुढे इमारतींसाठी वाड्यांतील पाणी टँकरने जाऊ लागले. उपसा वाढला की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो व खारे पाणी वर चढते. अशा पाण्यावर केळ काय अथवा पानवेल काय, तग धरीत नाही. म्हणूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने चळवळ उभारली. तथापि मधल्या काळात अनेक बावखले भरावाखाली गेली. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि पाच वर्षांनी हा तालुका ठाण्यातून निघून नव्या पालघर जिल्ह्यात गेला.

जिल्हा बदलला, तरी धडा आपल्यासाठीच आहे. कल्याण, डोंबिवली व ठाण्याच्या भातजमिनी शहराच्या पोटात कशा गेल्या, हे आपण पाहिलेच आहे. ज्यांच्याकडे अद्याप जमीन आहे, त्यांनी निदान इतके करावे: तळे भरून टाकू नये, जुने असल्यास त्यातील गाळ उपसावा, आणि विहिरीतून तिला झेपेल तितकेच पाणी घ्यावे. जमीन विकण्याचा मोह एकदा आवरला, तर पुन्हा विचार करता येतो. पण विहीर एकदा खारावली म्हणजे ती गोडी होण्याची वाट नातवंडांस पाहावी लागेल.