राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी

आमच्या अनुदानित शाळेतल्या एका बाईंचा पाय अपघातात अधू झाला. वर्ग तिसऱ्या मजल्यावर! "जमत नसेल तर राजीनामा द्या," असं त्यांना सांगण्यात आलं. घरीही सगळे म्हणाले, "सोडून दे."

पण मैत्रिणींनो, अशी घाई करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २० वं कलम सांगतं, की सरकारी वा अनुदानित संस्थेत नोकरीत असताना अपंगत्व आलं, म्हणून कामावरून काढता येत नाही. पहिलं काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीचं दुसरं द्यायचं. वाजवी सोयी करून देणंही संस्थेचंच कर्तव्य. दाद न लागल्यास पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

बाईंनी लेखी अर्ज दिला. वर्ग तळमजल्यावर आला. एवढंच तर हवं होतं!