दिल्लीत बर्फ पडत नाही, सुट्टी मात्र पडते

७ फेब्रुवारी २०१९ रोजी नोएडा आणि ग्रेटर नोएडातले रस्ते पांढरेशुभ्र झाले. गाड्यांच्या टपांवर थर साचले, मुलं बाल्कनीत ओंजळी भरू लागली आणि ‘दिल्लीचं शिमला झालं’ असं म्हणत फोटो देशभर फिरले. ते फोटो आजही दर जानेवारीत कोणी तरी नव्याने पाठवतं आणि पुण्या-नागपूरकडचे नातेवाईक काळजीने विचारतात, “काय हो, बर्फ पडला म्हणे तुमच्याकडे?”

पडली होती गारपीट. गार तयार होते ती उंच वाढलेल्या वादळी ढगात. जोराने वर चढणाऱ्या हवेत थेंब गोठतात, त्यांच्यावर थर चढत जातात आणि वजन पेलेनासं झालं की ते खाली येतात. त्यासाठी जमिनीवर कडाक्याची थंडी असावी लागत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भातली शिवारं अशीच पांढरी झाली होती. पण गहू-हरभरा आडवा झालेल्या शेतकऱ्याला फोटो काढायची हौस कुठली?

“पण दिल्लीत तर पारा शून्याला टेकतो, मग हिम का पडत नाही?” हा प्रश्न मात्र रास्त आहे. सफदरजंग वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ ला उणे ०.६ अंश तापमान नोंदलं गेलं आणि ८ जानेवारी २००६ ला ०.२ अंश. तरीही दिल्लीच्या हवामान नोंदींत बर्फवृष्टी नाही. हिम पडायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: ओलावा घेऊन आलेले ढग आणि ढगापासून जमिनीपर्यंत पुरेशी गार हवा. दिल्लीत या दोघांची चुकामूक होते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ ढग आणतात खरे, पण ढगांचं पांघरूण जमिनीची ऊब धरून ठेवतं, त्यामुळे रात्रीचा पारा उलट चढतो आणि नुसता पाऊस होतो. तोच विक्षोभ दोन हजार मीटरच्या वर वसलेल्या शिमल्याला पांढरं करून जातो. दिल्लीची उंची जेमतेम सव्वादोनशे मीटर. विक्षोभ पुढे सरकला, आकाश निवळलं आणि हिमालयाकडून कोरडे वारे सुटले की खरी हाडं गोठवणारी रात्र येते. पण तेव्हा आभाळात ढगाचा टिपूसही नसतो.

२००६ च्या त्या सकाळी गवतावर आणि गाड्यांच्या काचांवर जे पांढरं दिसलं, ते जागच्या जागी गोठलेलं दव होतं. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात दिसतात ते हिमकण याच जातीचे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार फुटांवर असतो, आणि निरभ्र रात्री गवत त्याहून बरंच जास्त निवतं. म्हणून पारा शून्याच्या वर असतानाही पात्यांवर हिमकण धरतात.

सायबेरियाचे वारे थेट दिल्लीत येतात हेही खरं नाही. मध्य आशियाकडची ती गार हवा अडवायला हिमालय उभा आहे. तो नसता तर आपलं काही खरं नव्हतं.

मग शाळांना सुट्टी कशाची? थंडीची आणि धुक्याची. इथे आणखी एक घोटाळा होतो. दाट धुक्याची रात्र सगळ्यात गार असते, असं बहुतेकांना वाटतं. पण रात्री धुकंही ढगासारखंच पांघरूण घालतं. त्रास देतं ते दिवसा. ऊन खाली पोचतच नाही आणि दुपारही सकाळसारखीच गारठलेली राहते. ३० डिसेंबर २०१९ ला सफदरजंगचं कमाल तापमान फक्त ९.४ अंश होतं. हो, कमाल! हवामान खातं अशा दिवसाला ‘शीत दिवस’ म्हणतं, आणि तो शीतलहरीपेक्षा वेगळा मोजला जातो. मैदानी भागात किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेलं की शीतलहर आणि २ अंश किंवा त्याखाली गेलं की तीव्र शीतलहर. सुट्टीचा आदेशही राजधानी परिसरात (एनसीआर) सगळीकडे एक नसतो. दिल्लीत शिक्षण संचालनालय ठरवतं, नोएडात गौतम बुद्ध नगरचं जिल्हा प्रशासन, गुरुग्रामला हरियाणा सरकारची यंत्रणा. त्यामुळे एकाच घरातला धाकटा रजईत लोळतोय आणि यमुनेपलीकडे शिकवणारी त्याची आई दोन स्वेटर चढवून मेट्रोकडे निघालीय, असं घडतं. नोव्हेंबरमधली प्रदूषणाची सुट्टी ही निराळीच भानगड. तिचा थंडीशी संबंध लावू नये.

“उणे वीसमध्ये लोक मजेत राहतात, तुम्हाला पाच अंशांचं काय कौतुक?” हा टोमणा टोरांटोतल्या भाच्याने मारला, तर त्याला त्याच्या घरातलं तापमान विचारावं. ते विशीच्या आसपास असतं. दिल्लीतली घरं बांधली जातात उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून: संगमरवरी फरशी, दाराखाली बोटभर फट, भिंतींना ऊब धरण्याची सोय नाही. बाहेरची थंडी तासाभराने सोफ्यावर येऊन बसते. म्हणून सगळं घर एका खोलीत, एका रजईभोवती गोळा होतं. मधोमध वर्तमानपत्रावर पाच किलो मटारचा ढीग. आजी सोलते, नातू निम्मे खातो, शेंगदाणे आणि गजक एका ताटातून फिरतात, आणि ढीग काही संपत नाही. ही इथली बर्फाविना बर्फाची सुट्टी, आणि मला ती मनापासून आवडते.

याच खोलीत दोन गैरसमज बसलेले असतात, एक भाबडा आणि एक सगळ्यात घातक. हीटर ऑक्सिजन खातो म्हणून शेजारी पाण्याची वाटी ठेवायची. विजेच्या हीटरमध्ये काहीच जळत नाही, मग तो ऑक्सिजन कशाला खाईल? हवा तापल्यावर कोरडी लागते, नाक-डोळे चुरचुरतात, त्याला वाटीतल्या वाफेने थोडा आराम पडतो, इतकंच. उलट, कोळशाच्या अंगीठीबद्दल लोक बिनधास्त असतात: धूर गेला, निखारे लाल झाले, आता आत आणायला हरकत नाही. धूर गेला तरी कार्बन मोनॉक्साइड सुटतच असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक सहज चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणूस समजतो की उबेने झोप लागतेय. दिल्लीत दर हिवाळ्यात बंद खोल्यांत माणसं अशी दगावतात. हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझरही तितकाच धोक्याचा. अंगीठी गच्चीवर किंवा अंगणातच पेटवावी, तिथेच विझवावी, आणि झोपायच्या खोलीत ती कोणत्याही कारणाने आणू नये. रमचा घोट थंडी घालवतो, हीही समजूतच. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगातली ऊब बाहेर पडते आणि वाटतं मात्र गरम.

धुकं निवळून ऊन पडलंच, तर चांदनी चौकात दौलत की चाट, म्हणजे दुधाचा हलका फेस, खायला जावं. ती रात्रीच्या दवाने आपोआप फुलते, असं विकणारेही सांगतात. गोष्ट गोड आहे. पण तो हलका फेस येतो दूध-साय घुसळल्याने. थंडीचं काम तो टिकवण्याचं. म्हणूनच लखनऊची मक्खन मलाई आणि बनारसची मलइयोही हिवाळ्यातच मिळतात. किनारी बाजाराच्या गल्लीत शक्यतो सकाळीच पोचावं. ऊन चढलं की फेस बसतो.