मीठबंदर ते रेतीबंदर

ठाणे पूर्वेला मीठबंदर रोड, पश्चिमेला चेंदणी बंदर रोड. पुढे मुंब्र्याला रेतीबंदर, डोंबिवलीत मोठागावला रेतीबंदर, कल्याणलाही रेतीबंदर. आज ही नावं रिक्षावाल्याला सांगायचे पत्ते झाली आहेत. पण कुठल्या धक्क्याला काय लागत होतं, याची नोंद आपल्याकडे एवढीच ठळक उरली आहे, म्हणून मी ती नावं जपून वाचतो.

उल्हास नदी कल्याण, डोंबिवली, मुंब्रा करत ठाण्याला येते आणि वळसा घालून घोडबंदरमार्गे वसईला समुद्राला मिळते. ठाण्याजवळ एक चिंचोळा फाटा तिला दक्षिणेच्या ठाणे खाडीशी जोडतो. त्यामुळे वसईचं गलबत आणि मुंबईचा मचवा, दोन्ही इथे पोचत. शिलाहारांचं श्रीस्थानक इथे वसलं ते या पाण्यामुळे.

कल्याण त्याहून जुनं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत ते ‘कल्लिएना’ म्हणून येतं. आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी तक्रारही. दोन बंदरांतली चुरस इतकी जुनी आहे! जुन्नरहून नाणेघाट उतरलेला माल कल्याणला होडीत चढे. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि याच खाडीत आरमाराची जहाजं बांधायला घेतली. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावरून खाली पाहिलं, की जागेची निवड लगेच पटते.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली. 1854 साली खाडीवर पूल झाला आणि ती कल्याणला पोचली. 1863 साली बोरघाट, 1865 साली थळघाट रुळांनी ओलांडला गेला. देशावरचा माल आता डब्यातून न उतरता थेट मुंबईला जाऊ लागला. कल्याणचं जंक्शन झालं, पण धक्क्याचं काम गेलं. चेंदणीचा कोळीवाडा तर लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना विभागला गेला.

काम गेलं तरी माणसं खाडीवरच राहिली. आगर म्हणजे मिठागर. त्यावरूनच आगरी हे नाव आलं असं मानतात. आगरी माणसाने बांध घालून खारं पाणी अडवलं, मीठ पिकवलं, खारजमिनीत भात लावला. रेतीचं काम त्याहून जड. हातपाटी-डुबी म्हणतात त्याला: गडी बादली घेऊन तळाशी बुडी मारतो, रेती भरतो, वरचे ती ओढून होडीत रिकामी करतात. दम संपेपर्यंत काम, मग पुन्हा बुडी. डोंबिवली-ठाण्याच्या कितीतरी इमारतींत खाडीतली रेती आहे. पुढे सक्शन पंप आले. ते तळ खरवडत गेले, काठ ढासळले, तिवरं उन्मळली. या उपशाला विकास म्हणणं मला मान्य नाही.

खाडीकाठी कारखानेही वाढले. 1962 साली एमआयडीसीची पहिली वसाहत ठाण्यात, वागळे इस्टेटला झाली. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा आणि डोंबिवली. सांडपाण्याचा पहिला फटका मासळीला बसला. 2022 साली ठाणे खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, रोहितांचे थवे बघायला गर्दी होते. बोय, कोलंबी, निवट्या, चिंबोऱ्या यांची आठवण मात्र कोळीवाड्यातच निघते.

तिथे अजून पाण्याचं गणित तिथीवर चालतं. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला दुपारी बाराच्या आधी. खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं, तेवढा वेळ धरायचा. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी भरती. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून होडी सुटायची वेळही रोज बदलते. ताजी मासळी हवी असेल, तर चेंदणीला निघण्यापूर्वी आज तिथी कोणती ते बघावं.