नकाशा उलटा धरून

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

इटलीची सहल कशी आखावी हे सांगायला मला बोलावलं, तेव्हा घरातले सगळे हसले. कवी माणूस, भाजीचा हिशेब जमत नाही, आणि हा युरोपचा हिशेब सांगणार! पण २०२४च्या मे महिन्यात आम्ही दोघं इटलीला जाऊन आलो. यात्रा कंपनीबरोबर नाही, आपले आपण. त्या आधीचे सहा महिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असे. त्या टेबलावर मी जे शिकलो, तेच आज सांगतो.

माझी पत्नी चित्रकलेची शिक्षिका. अठ्ठावीस वर्षं रायगड जिल्ह्यातल्या शाळांमधून तिनं मुलांना चित्रकला शिकवली. एका जुन्या पुस्तकात आगपेटीएवढं काळंपांढरं चित्र होतं, मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचं. तेच ती दरवर्षी मुलांना दाखवायची. पुढं गुडघे दुखू लागले, जिने चढवेनात, म्हणून तिनं मुदतीआधी निवृत्ती घेतली. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया आज ना उद्या करावीच लागेल. तेव्हा ती म्हणाली, "त्याआधी एकदा डेव्हिड बघू." पैसे तिच्या फंडाचे. म्हणजे सहल तिची होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी ती विसरलो होतो.

पहिला प्रश्न, केव्हा जायचं? आपली मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते, आणि ती इटलीसाठी फार सोयीची आहे. तिथल्या शाळांना सुट्ट्या लागतात जूनमध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दीही जास्त आणि ऊनही. १५ ऑगस्टला तिथं 'फेर्रागोस्तो' नावाचा सण असतो. त्या सुमारास गावंच्या गावं समुद्रावर जातात आणि लहान दुकानांची दारं बंद दिसतात. उन्हाचं म्हणाल, तर ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिसिली बेटावर ४८.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. युरोपातला तो उच्चांक आहे. आपल्याला वाटतं युरोप म्हणजे स्वेटर. दक्षिण इटलीत तसं समजू नका. मेमध्ये मात्र हवा सुखाची असते आणि दिवस मोठा असतो. रोममध्ये मगरिबची वेळ साडेआठच्या सुमाराची. संध्याकाळचा चहा झाला तरी तीन-चार तास उजेड हातात राहतो.

दुसरा प्रश्न व्हिसाचा. इटली शेंगेन देशांपैकी एक. नव्वद दिवसांपर्यंतच्या सहलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर विसंबू नका. सुट्टीच्या हंगामात मुलाखतीची तारीखच लवकर मिळत नाही. आम्ही गेलो तेव्हा फी ८० युरो होती, ११ जून २०२४पासून ती ९० झाली. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा आणि तो काढून दहा वर्षं झालेली नसावीत. शिवाय वैद्यकीय विमा हवा, किमान तीस हजार युरोंचा.

या विम्यानं माझी फजिती केली. आमच्या रात्री होत्या चौदा, म्हणून मी विमा चौदा दिवसांचा काढला. खिडकीवरच्या मुलीनं कागद चाळले आणि शांतपणे म्हणाली, "काका, रात्री चौदा असल्या तरी दिवस पंधरा होतात." विमा वाढवून घेतला, पुन्हा रांगेत उभा राहिलो. चूक सर्वस्वी माझी. तेव्हा कागदावर नेहमी दोन रकाने आखा, एक रात्रींचा, एक दिवसांचा. हॉटेल रात्रीवर चालतं, विमा दिवसावर.

आता मुख्य गोष्ट, जायचं कुठं कुठं? मी बसलो आणि यादी केली. पालेर्मो, नेपल्स, रोम, पेरुजिया, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान आणि कोमोचं तळं. चौदा रात्रींत नऊ ठिकाणं. खूश होऊन यादी पत्नीपुढं ठेवली. तिनं चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि विचारलं, "यात फ्लॉरेन्सला किती रात्री?"

"एक."

"आणि माझा डेव्हिड कुठं आहे?"

"फ्लॉरेन्सला."

ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं. मी यादी पुन्हा पाहिली. सहल तिची, पैसे तिचे आणि यादी माझी होती. इतकंच नव्हे, माझ्या यादीत ज्या दिवशी डेव्हिड पाहायचा होता तो सोमवार होता, आणि तो पुतळा ज्या अकादेमिया संग्रहालयात आहे ते सोमवारी बंद असतं! सोमवारची सुट्टी फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयालाही आहे. रोममध्ये व्हॅटिकनची संग्रहालयं उलट रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा वगळून. म्हणून आधी वार मांडा आणि मग गावं. मिलानमध्ये लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' हे भिंतीवरचं चित्र पाहायचं असेल, तर आधी आरक्षण हवंच. तिथं थोड्या थोड्या लोकांना आत सोडतात आणि पंधरा मिनिटांनी बाहेर काढतात. आरक्षण मिळालं, तर त्या तारखेभोवती बाकीची सहल बांधावी.

मग आम्ही नव्यानं बसलो. तिनं एक साधा हिशेब मांडला. एक गाव बदललं की अर्धा दिवस जातो. बॅगा भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडी, पुन्हा खोली शोधा. नऊ गावं म्हणजे आठ वेळा हलणं, म्हणजे चार दिवस नुसते बॅगा ओढण्यात. "मग किती गावं?" मी विचारलं. "चार," ती म्हणाली, "आणि प्रत्येकानं एकेक आपलं."

माझं म्हणजे पालेर्मो. सिसिलीवर ८२७मध्ये अरब उतरले. ८३१मध्ये त्यांनी पालेर्मो घेतलं आणि १०९१पर्यंत नॉर्मनांनी ते अख्खं बेट जिंकून घेतलं. पण राज्य बदललं तरी कारागीर आणि पंडित दरबारात राहिले. राजा दुसरा रॉजर याच्या प्रार्थनामंदिराच्या लाकडी छतावर अरबी अक्षरं आणि मुकर्नसची नक्षी आहे, आणि त्याच मंदिराच्या भिंतींवर सोनेरी काचतुकड्यांतली ख्रिस्ताची चित्रं. याच राजासाठी अल-इद्रिसी या भूगोलज्ञानं ११५४मध्ये जगाचा नकाशा पुरा केला. त्या नकाशात दक्षिण वर आहे. आपण पाहिला तर वाटतं, उलटा धरलाय.

तो नकाशा आठवला आणि आमच्या सहलीचा गुंता सुटला. बहुतेक लोक उत्तरेकडून सुरू करून खाली येतात. आम्ही इटली उलटी धरली. ऊन रोज थोडं वाढतं, म्हणून दक्षिण आधी आणि उत्तर नंतर. विमान उतरायचं पालेर्मोला, परत निघायचं मिलानहून. जाण्याचं आणि येण्याचं शहर वेगळं ठेवलं की मागं फिरण्यात दिवस जात नाही. एकाच आरक्षणात अशी दोन टोकांची तिकिटं मिळतात, आणि पुष्कळदा ती फारशी महागही पडत नाहीत.

तिचं म्हणजे फ्लॉरेन्स, त्याला चार रात्री. मधे रोम, चार रात्री. राहिलं एक गाव. तिथं मी व्हेनिस लिहिलं होतं.

"व्हेनिसला काय आहे?"

"पाणी. आणि पूल, चारशेच्या वर."

"पायऱ्यांचे?"

"बहुतेक पायऱ्यांचेच."

"मग खोडा. पाणी आपल्या खाडीत पुष्कळ आहे."

व्हेनिसच्या जागी आलं पेरुजिया, दोन रात्री. आमच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. लहानपणापासून येता-जाता पाहिलेला. मराठा लाइट इन्फंट्रीचा हा बावीस वर्षांचा जवान १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढला. तुकडीतले सगळे साथीदार मेले किंवा जखमी झाल्यावर तो एकटा मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला. ठाणं त्यानं घेतलं आणि तिथंच त्याला गोळी लागली. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पेरुजियाजवळच्या मोंतोने या डोंगरावरच्या गावात २०२३च्या जुलैमध्ये त्याच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. ही बातमी वाचल्यापासून मला तिथं जायचं होतं. पेरुजियापर्यंत रेल्वे आणि पुढं चालकासह भाड्याची गाडी. स्वतः गाडी चालवणार असाल तर एक ध्यानात ठेवा. जुन्या शहरांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. कॅमेरे असतात आणि दंडाची चिठ्ठी नंतर येते. पेरुजियाही डोंगरावरचं शहर, पण खालून वर जायला सरकते जिने आहेत, तेही जुन्या किल्ल्याच्या पोटातून. माझ्या यादीतल्या या गावानं तिच्या गुडघ्यांना त्रास दिला नाही, याचं मला फार समाधान आहे.

पालेर्मोला तीन रात्री, आणि चौदावी रात्र पालेर्मो ते रोम रेल्वेत. ही गाडी मेसिनाच्या सामुद्रधुनीशी येते, तिचे तुकडे करतात आणि डब्यांसकट बोटीच्या पोटात घालतात. बोटीत रूळ असतात. आपल्या कोकण रेल्वेवर मालट्रक गाडीवर चढतात, तिथं गाडीच बोटीत चढते. माझे आजोबा जहाजावर खलाशी होते. मी रात्री वर डेकवर जाऊन उभा राहिलो. पत्नी बर्थवर शांत झोपली होती.

रेल्वेचं थोडं सांगतो. जलद गाड्यांनी रोम-फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स-मिलान सुमारे दोन तास. त्यांची तिकिटं लवकर काढली तर स्वस्त. साध्या, 'रेजिओनाले' गाड्यांचं भाडं मात्र शेवटपर्यंत तेच, तिथं घाई नको. पण त्यांचं कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो. विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो.

खाण्याचं काय, असं सगळे विचारतात. पालेर्मोला रस्त्यावर 'पानेल्ले' मिळतात, बेसनाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून. आपला वडापाव डोळ्यांपुढं आला नाही तरच नवल. ज्यांना डुकराची चरबी चालत नाही त्यांनी पावाबद्दल विचारून घ्यावं, काही ठिकाणी ती पिठात असते. मासे आणि भाज्या भरपूर. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसलात की दर वाढतो. जेवणाच्या बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडी रक्कम असते, ती फसवणूक नव्हे. रोममध्ये चौकाचौकांत पाण्याचे वाहते नळ आहेत, पाणपोईच म्हणा. रिकामी बाटली जवळ ठेवा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दर्ग्यात डोकं झाकायची सवय असलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. आणि हॉटेलात प्रत्येक रात्रीमागं शहराचा वेगळा कर भरावा लागतो, तो खर्चात धरा.

भाषा येत नाही म्हणून घाबरू नका. त्यांची साखर 'झुक्केरो', आपली 'शर्करा'. त्यांचं संत्रं 'अरांचा', आपलं 'नारिंग'. विमानतळावर जकातीच्या फाटकावर 'दोगाना' लिहिलेलं असतं. तो शब्द आपल्या 'दिवाणा'चा भाऊ. हे शब्द अरबांच्या हातून तिकडं गेले, काही तर आपल्याकडूनच निघालेले. आमच्याआधी ते हा प्रवास करून आले होते, आणि त्यांना व्हिसा लागला नव्हता.

डेव्हिडचं तिकीट आम्ही मंगळवारी सकाळचं काढलं होतं. लांब दालनाच्या शेवटी तो उभा आहे, पाच मीटरहून उंच. पत्नी जवळ गेली, मागं आली, बाकावर बसली, पुन्हा उठली. मी दोनदा घड्याळ पाहिलं, मग ते खिशात ठेवलं. तासाभरानं ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं मी मुलांना सांगत होते, हाताचं माप चेहऱ्याएवढं. याचा हात तर त्याहून मोठा आहे. त्या चित्रात दिसलंच नव्हतं."

त्या दुपारी आम्ही आखणीत दुसरं काहीही ठेवलं नव्हतं. जागा तिनंच मोकळी सोडली होती. तुम्ही यादी कराल तेव्हा एक दुपार अशी सोडा, आणि यादी पुरी करण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात पेन्सिल द्या.