मूलपेशींची झोप आपोआप लागत नाही
स्नायूंतल्या मूलपेशी इजा होईपर्यंत विभाजन न करता निपचित राहतात. काम नाही म्हणून त्या स्वस्थ, असं वाटणं साहजिक आहे. पण पुरावा उलटं सांगतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या या पेशींतलं आरबीपी-जे जनुक काढून टाकलं गेलं. त्यामुळे नॉच प्रथिनाकडून येणारा संदेश वाचलाच जाईना. कुठेही जखम नव्हती, तरी पेशी जाग्या झाल्या, बऱ्याचशा थेट स्नायूपेशी होण्याच्या वाटेला लागल्या आणि साठा आटला. मग खरी इजा झाली तेव्हा स्नायू भरून येईना! म्हणजे ही सुप्तावस्था जनुकं सतत राखत असतात. उंदरांवरून माणसाचं काय ठरवायचं, हा आक्षेप रास्तच. पण नॉच यंत्रणा माशीपासून माणसापर्यंत टिकून आहे. म्हणून मूलपेशी ‘जाग्या करणाऱ्या’ उपचारांबद्दल मी आधी साठ्याचंच विचारेन.