नऊ सामने, नऊ विजय आणि आमंत्रण नाही

फुटबॉल म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना मुंबईचे कूपरेज आठवते, पावसाळ्यातला चिखल आठवतो आणि पायाने टोलवलेला गोल चेंडू आठवतो. अमेरिकेतला फुटबॉल हा त्याचा नामबंधू. सख्खा भाऊ मात्र नव्हे. तिथला चेंडू लांबोडा, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो पायापेक्षा हातातच अधिक वावरणारा. अकरा गडी एका बाजूला, शंभर यार्डांचे मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करायचा. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. आपल्या कबड्डीतली झोंबी आणि आखाड्यातले बळ एकत्र करून त्यावर लष्करी कवायतीची शिस्त चढवावी, तसा हा खेळ. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुढची हकीकत समजायला पुरे आहे.

हकीकत १९५१ सालची. सान फ्रान्सिस्को विद्यापीठ ही जेझुइट पाद्र्यांनी १८५५ साली काढलेली संस्था. आपल्या मुंबईच्या झेव्हियर कॉलेजच्याच गोत्रातली म्हणा ना. संस्था लहान, पैसा बेताचा. तिच्या संघाला ‘डॉन्स’ म्हणत. प्रशिक्षक होते जो कुहारिक. त्यांनी हंगामापूर्वी पोरांना कॉर्निंग नावाच्या गावी नेऊन रणरणत्या उन्हात असे काही राबवून घेतले की त्या सरावाच्या आठवणी ही मंडळी म्हातारपणीही काढीत.

संघात एक जीनो मार्केटी होता. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर लढून आलेला, पंचविशीतला गडी. बॉब सेंट क्लेअर नावाचा ताडमाड मुलगा होता. आणि दोघे कृष्णवर्णी खेळाडू होते : टेक्ससमध्ये जन्मलेला ऑली मॅटसन आणि मेम्फिसहून आलेला बर्ल टोलर. टोलर बचावात खंबीर. मॅटसन पळू लागला म्हणजे त्याला धरणे कठीण. आणि धरले तरी पाडणे त्याहून कठीण.

त्या हंगामात डॉन्स नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी फोर्डहॅमला ३२–२६ असे हरवले. त्या सामन्यात मॅटसनने प्रतिपक्षाने मारलेला चेंडू आपल्या टोकाला झेलून थेट त्यांच्या रेषेपलीकडे नेला, तोही दोनदा. स्टॉकटनला पॅसिफिक कॉलेजचा ४७–१४ असा धुव्वा उडाला. शेवटी लोयोलाला २०–२ असे नमवून हंगाम संपला. नऊ सामन्यांत मॅटसन १,५६६ यार्ड धावला होता आणि एकवीस वेळा त्याने रेषा ओलांडली होती. सबंध देशात त्या वर्षी कोणी एवढे धावले नव्हते.

आता हवे होते ते ‘बाउल’चे आमंत्रण. नोव्हेंबरअखेर हंगाम आटोपला की निवडक संघांना नववर्षाच्या सुमारास या सामन्यांसाठी बोलावीत. मान मोठा, मिळकतही मोठी. कॅलिफोर्नियातला रोझ बाउल कराराने ठराविक संघगटांसाठी राखलेला, तिथे डॉन्सना वाव नव्हता. उरलेले मोठे बाउल दक्षिणेत : मायामीचा ऑरेंज, न्यू ऑर्लिन्सचा शुगर, डॅलसचा कॉटन. आणि त्या काळच्या दक्षिणेत गोऱ्यांची शाळा निराळी, काळ्यांची निराळी. रेल्वेचा डबा, हॉटेल, पाण्याचा नळसुद्धा निराळा. हे सारे कायद्याने. उत्तरेकडचे संघ दक्षिणेत खेळायला जाताना आपले काळे खेळाडू मुकाट्याने घरी ठेवून जात. या प्रकाराला ‘सद्गृहस्थांचा करार’ म्हणत! शब्दांचा मास्तर म्हणून सांगतो, ‘सद्गृहस्थ’ या शब्दाची इतकी विटंबना क्वचितच कोणी केली असेल.

मैदानावरही काय चालले होते पाहा. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णी खेळाडूवर, त्याच्या हाती चेंडू नसताना, प्रतिपक्षाच्या गड्याने ठोसे मारले. ब्राइटचा जबडा मोडला. त्या प्रसंगाची छायाचित्रमालिका टिपणाऱ्या दोघा वृत्तपत्र-छायाचित्रकारांना पुढे पुलित्झर पारितोषिक मिळाले. असा हा हंगाम.

डॉन्सच्या खेळाडूंनी पुढे सांगितलेली गोष्ट अशी : ऑरेंज बाउलला जाता येईल, पण मॅटसन आणि टोलर यांना मागे ठेवावे लागेल, हे त्यांच्या कानावर घालण्यात आले. त्यावर फारशी चर्चा झालीच नाही. दोघे नाहीत तर आम्हीही नाही, एवढेच उत्तर.

आयोजकांनी असली अट कधी कागदावर घातली नाही. असल्या अटी कागदावर येतच नसतात. उघडपणे सांगण्यात आलेले कारण वेगळे होते : डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे. यात तथ्य अगदीच नव्हते असे नाही. नऊ सामन्यांतले दोन लष्करी तळांच्या संघांशी होते. पण मग ज्या पॅसिफिक कॉलेजला डॉन्सनी ४७–१४ असे लोळवले, त्याला एल पासोच्या सन बाउलचे आमंत्रण कसे आले? दक्षिणेतली सगळी दारे सारखीच बंद होती असेही म्हणता येत नाही. डॅलसला १९४८ साली पेन स्टेटचा संघ आपले दोन कृष्णवर्णी खेळाडू घेऊन खेळून गेला होता. म्हणजे दार उघडता येत होते. उघडायची इच्छा हवी होती. मायामीत १ जानेवारी १९५२ रोजी जॉर्जिया टेकने बेलरला १७–१४ असे हरवले. डॉन्स घरी होते.

खरी किंमत पुढे मोजावी लागली. विद्यापीठाला फुटबॉलचा तोटा झेपेनासा झाला होता. बाउलच्या उत्पन्नाने कदाचित निभावले असते. ते आले नाही, आणि या अजिंक्य हंगामानंतर लगेच विद्यापीठाने संघच मोडला. हरलेला संघ मोडतात हे आपण पाहतो; एकही सामना न हरलेला संघ मोडल्याची उदाहरणे थोडी. पोरे नकार देताना संस्थेच्या जमाखर्चाचा विचार करून बसली होती असे मला वाटत नाही. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून कॉर्निंगच्या उन्हात करपलो, त्यांना स्टेशनवर सोडून गाडीत कसे बसायचे, इतका तो साधा हिशेब असावा. साधा म्हणूनच तो मला मोलाचा वाटतो.

पुढे काय झाले? मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीत कांस्यपदक व रिले शर्यतीत रौप्यपदक मिळवले आणि मग व्यावसायिक फुटबॉल गाजवला. तो, मार्केटी आणि सेंट क्लेअर असे एकाच संघातले तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या गौरवमंदिरात पोचले. संघाची प्रसिद्धी सांभाळणारा तरुण पीट रोझेल १९६० साली सबंध व्यावसायिक संघटनेचा प्रमुख झाला. शुगर बाउलमध्ये मात्र कृष्णवर्णी खेळाडू उतरायला १९५६ साल उजाडले. पिट्सबर्गचा बॉबी ग्रायर उतरला तेव्हा जॉर्जियाच्या गव्हर्नरने केवढा थयथयाट केला होता!

टोलरचे नशीब तेवढे हात आखडून वागले. १९५२ च्या उन्हाळ्यात एका सामन्यात गुडघा दुखावला आणि व्यावसायिक खेळ सुरू होण्याआधीच संपला. तो शिक्षक झाला, पुढे सान फ्रान्सिस्कोत मुख्याध्यापक झाला. १९६५ साली तो व्यावसायिक फुटबॉलमधला पहिला कृष्णवर्णी पंच म्हणून मैदानात परतला आणि जवळजवळ पंचवीस वर्षे त्याने शिट्टी वाजवली.

१९५१ च्या संघातल्या हयात खेळाडूंना विद्यापीठाने २००६ साली सन्माननीय डॉक्टरेट दिली. टोलर २००९ साली वारला, मॅटसन २०११ साली. २०१७ साली विद्यापीठाने आपल्या एका वसतिगृहाचे जुने नाव उतरवून त्याला बर्ल टोलरचे नाव दिले. जुने नाव जेम्स फीलन यांचे होते. हे सान फ्रान्सिस्कोचे एकेकाळचे महापौर आणि पुढे सिनेटर. १९२० च्या निवडणुकीत ‘कॅलिफोर्निया गोरा राखा’ ही त्यांची घोषणा होती.