गिअर निसटतो तेव्हा

टिटवाळ्याहून मोटारीनं नाशिकला जायचं, तर वाटेत कसारा घाट लागतो. जाताना चढ, येताना उतार. उतारावर शहाणा ड्रायव्हर काय करतो? खालचा गिअर टाकतो. मग इंजिनच गाडीला धरून ठेवतं. उतारावर आपण बैलांचा कासरा आवळून धरतो, तसंच हे.

पण गाडी जुनी आहे. गिअर झिजला आहे. ऐन वळणावर तो आपोआप निसटतो. इंजिनाचा आधार सुटतो. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. गाडीत घरचीच माणसं असतात. म्हणून गिअरबॉक्सचं दुखणं अंगावर काढू नये.

गिअरबॉक्स म्हणजे काय?

पूर्वी बागेत रहाट असायचा. बैल गोल फिरायचा आणि दातेरी चाकं त्याचं बळ विहिरीपर्यंत पोचवायची. गिअरबॉक्समध्येही दातेरी चाकंच असतात. ती पोलादाची असतात आणि तेलात फिरतात. बारा दात्यांचं चाक छत्तीस दात्यांच्या चाकाला फिरवतं, तेव्हा लहान चाकाच्या तीन फेऱ्यांत मोठ्याची एकच फेरी होते. वेग कमी होतो, जोर जवळजवळ तिप्पट होतो. चढाला जोर हवा, सपाटीला वेग हवा. म्हणून गिअर बदलायचे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाटची एक मोटार निघू लागली. पुढं तीच 'पद्मिनी' म्हणून घरोघर माहीत झाली. तिच्यात पुढं जाण्याचे चार गिअर आणि मागं जाण्याचा एक. गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी. मुंबईतली तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, पण काही घरांनी आपली गाडी जपून ठेवली आहे. शर्यतीच्या जुन्या मोटारींचा गिअरबॉक्सही याच रीतीनं चालतो.

दुखणं कसं ओळखावं?

गिअर टाकताना 'कर्रर्र' वाजलं, तर आतली पितळी कडी झिजली असेल. नाहीतर क्लच पुरता सुटत नसेल. गाडी उभी असताना, गिअर न टाकता घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते? मग बेअरिंग पाहावं. गिअर आपोआप निसटतो? मग त्याला अडकवून धरणारे बारीक दाते गोल झाले असतील, किंवा आतली स्प्रिंग ढिली पडली असेल.

पण लगेच पेटी उघडू नये. आधी तेल पाहावं. क्लच पाहावा. दांडीपासून पेटीपर्यंतचे बुश पाहावेत. पुष्कळदा खोट तिथंच सापडते आणि मोठा खर्च वाचतो.

पेटी उघडायची झाली तर

नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली कधी शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत, मगच खाली जावं. पेटी जड असते, ती एकट्यानं उतरवू नये.

तेल काढून नीट पाहावं. पिवळी चमक दिसली तर पितळ झिजलं आहे. पोलादाचे तुकडे दिसले तर दाते तुटले असतील. सुटे भाग रॉकेलनं धुवावेत आणि ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं कापडावर मांडावेत. एकमेकांत फिरणारी दोन चाकं जोडीनंच बदलावीत. जुन्या चाकाशी नवं चाक जुळत नाही, लवकर खराब होतं. पेटी उघडलीच आहे, तर बेअरिंग, पितळी कडी आणि तेलाची सीलं नवीच घालावीत.

पेटीलाच तडा गेला असेल किंवा पुष्कळ चाकं तुटली असतील, तर दुसरी पेटी आणणं बरं. मात्र भंगारातली पेटी पुसून-रंगवून नवी दिसते. ती उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शेवटी, कंपनीनं सांगितलं तेच तेल घालावं. काही तेलं पितळ खातात. जुनं तेल काळू नदीत किंवा शेतात ओतू नये. डब्यात भरून तेल गोळा करणाऱ्याला द्यावं. नदीचं पाणी आपल्यालाच लागतं.

यंत्र मोडण्याआधी आवाज देतं. तो आवाज गावातच ऐकावा. घाटात ऐकायची वेळ येऊ देऊ नये.